विश्लेषण : पवई-विक्रोळीच्या जमिनीचा वाद दोनशे वर्षांपूर्वीच्या बागेपर्यंत कसा पोहोचतो?

पवईतील आलिशान संकुले, आयआयटीचे आवार, विक्रोळीची औद्योगिक वसाहत, खारफुटी आणि बुलेट ट्रेनचा भुयारी मार्ग. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील या सगळ्या जमिनींची जुनी कागदपत्रे चाळली, की फ्रामजी कावसजी बनाजी हे एकच नाव समोर येते. अफू आणि कापसाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या काळातील या पारशी व्यापाऱ्याने साष्टीत घेतलेल्या इस्टेटीचे पुढे काय झाले आणि तो इतिहास आजच्या मुंबईकराला का ठाऊक असायला हवा, याविषयी…

फ्रामजी कावसजी कोण होते?

फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७-१८५१) हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे बडे व्यापारी आणि जहाजमालक. चीनशी होणारा कापूस आणि अफूचा व्यापार हा त्या काळातील मुंबईच्या श्रीमंतीचा पाया होता. जमशेटजी जीजीभॉय यांच्यापासून अनेक पारशी, गुजराती आणि कोकणी मुस्लीम व्यापाऱ्यांनी त्यात पैसा कमावला. बनाजी घराणेही त्याच वर्तुळातले. याच घराण्यातील रुस्तमजी कावसजी यांची जहाजे कोलकात्याहून चीनकडे अफू नेत असत.

मुंबईत आज फ्रामजींची ओळख उरली आहे ती धोबीतलाव परिसरातील फ्रामजी कावसजी सभागृहापुरती. तेथील तलावही त्यांच्या नावाने ओळखला जाई. हा तलाव पुढे बुजवण्यात आला. १८३८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला मुंबईचे आंबे भेट म्हणून पाठवले होते. आंब्यांची ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. पण त्यांचा खरा ठसा शहराच्या नकाशावर आहे आणि तो पवई-विक्रोळीत दिसतो.

व्यापाऱ्यांना शहराबाहेर एवढी जमीन कशी मिळाली?

१७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टी बेट जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतच्या या बेटावर भातशेती होती, कोळी-आगरी-कुणबी-आदिवासींची गावे होती आणि बरीच जमीन पडीक होती. मुंबईला धान्य, भाजीपाला, लाकूड हवे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला सारा हवा होता. गावेच्या गावे भांडवल असलेल्या माणसाच्या हवाली करायची, त्याने पडीक जमीन लागवडीखाली आणायची, विहिरी-रस्ते करायचे आणि ठरलेला सारा भरायचा, असा मार्ग कंपनीने काढला. या कराराच्या कागदाला ‘कौल’ किंवा ‘कौलनामा’ म्हणत.

वाडिया कुटुंबाकडे कुर्ला गेले, तर बैरामजी जीजीभॉय यांच्याकडे वांद्र्यासह सात गावे गेली. पवई, तिरंदाज, कोपरी, साकी, पासपोली आणि तुंगवे ही गावे १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट या कंपनीच्या डॉक्टरला देण्यात आली होती. त्याच्यानंतर ती कंपनीकडे परत आली आणि १८३० च्या सुमारास फ्रामजींकडे गेली. विक्रोळीची जमीन सरकारने ७ जुलै १८३५ च्या कौलाने त्यांना कायमस्वरूपी दिली.

पवईच्या इस्टेटीत काय होते?

इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पवई ही एक आदर्श इस्टेट होती. ऊस, नीळ आणि रेशमाच्या किड्यांसाठी तुती यांची लागवड, फळबागा, विहिरी आणि रस्ते असे तिचे रूप होते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये इस्टेटीला भेट दिली आणि तिचे कौतुक नोंदवून ठेवले. एका ‘नेटिव्ह’ व्यापाऱ्याने समुद्रातून कमावलेला पैसा जमिनीत घालावा, याचे त्यांना विशेष अप्रूप होते.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्या गावांवर कौल झाला ती रिकामी नव्हती. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये इस्टेटदार आला. कोणती जमीन पडीक, कोणती कसलेली आणि जंगलातले लाकूड, गवत, ताडी यांवर हक्क कोणाचा, हे ठरवण्याची ताकद त्याच्या हाती आली. कौलनाम्यावर सरकार आणि व्यापारी या दोघांचीच सही असे. गावकऱ्यांचा उल्लेख येई तो सारा भरणारी कुळे म्हणून. आयआयटीच्या आवारालगतच्या एका वस्तीचे नाव आजही ‘पेरूबाग’ आहे. बागेचे नाव टिकले, पण तिथे राहणाऱ्यांच्या नावावर जमीन झाली नाही.

इस्टेटीचे तुकडे कसे पडले?

पहिला मोठा तुकडा पाण्यासाठी गेला. १८८९ ते १८९१ दरम्यान मुंबईच्या पालिकेने मिठी नदीच्या एका उपनदीवर बांध घालून पवई तलाव केला. टंचाईवर तातडीचा उपाय म्हणून केलेल्या या तलावाचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही आणि शहरासाठी त्याचा वापर लवकरच थांबला. स्वातंत्र्यानंतर दुसरा मोठा बदल झाला. १० मार्च १९५९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पवईत आयआयटीची पायाभरणी झाली.

विक्रोळीचा मार्ग वेगळा होता. तेथील जमीन फ्रामजींच्या वारसदारांकडून पुढे गेली आणि १९४८ च्या खरेदीखताने ती गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या नावे झाली. कंपनीने तिथे कारखाने, कामगारांची घरे आणि शाळा उभारल्या. खाडीकडची खारफुटी मोठ्या प्रमाणात राखली.

बाग हा न्यायालयातील पुरावा कसा झाला?

या साऱ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा हाच आहे. १९५१ मध्ये साष्टीतील इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा झाला. त्यातील एका तरतुदीनुसार, कौलाच्या अटींप्रमाणे जी पडीक जमीन इस्टेटदाराच्या मालकीची नव्हती ती सरकारची झाली. याशिवाय १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी जी पडीक जमीन वापरात किंवा लागवडीखाली आणली गेली नव्हती, तीही सरकारजमा झाली.

सोप्या शब्दांत, शंभर-सव्वाशे वर्षांत तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकाने जमिनीवर काही केले का, यावर आजची मालकी ठरणार होती. झाडे लावली, गवत कापून विकले, खाणी काढल्या, कुंपण घातले असे दाखवता आले, तर जमीन तुमची. दाखवता आले नाही, तर सरकारची. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्याच्या हौसेची किंवा प्रतिष्ठेची मानली गेलेली बाग विसाव्या शतकात मालकीचा पुरावा ठरली.

विक्रोळीबाबत नेमके हेच घडले. तेथील जमीन पडीक आहे की नाही, या प्रश्नावर कंपनीने १९५३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १९६२ मध्ये सरकार आणि कंपनी यांच्या संमतीने हुकूमनामा झाला आणि कंपनीची मालकी मान्य झाली.

मग ‘खासगी वना’चा वाद कुठून आला?

१९७५ मध्ये महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा आला. या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने राज्य सरकारच्या मालकीची झाली. आता कसोटी उलटी झाली. आधीच्या कायद्यात झाडे लावणे ही मालकाची जमेची बाजू होती. नव्या कायद्यात दाट झाडी असलेली जमीन सरकारकडे जाण्याची शक्यता निर्माण झाली.

पन्नासच्या दशकात वन कायद्यान्वये राजपत्रात छापलेल्या, पण मालकांवर कधी बजावल्याच न गेलेल्या नोटिसांच्या आधारे २००६ च्या सुमारास महसूल नोंदींमध्ये ‘खासगी वन’ असे शेरे पडू लागले. विक्रोळीतील १३३ एकर ३८ गुंठे जमिनीचा त्यात समावेश होता. मुलुंड, भांडुप, नाहूर, कांदिवली आणि ठाण्यातील हजारो कुटुंबांनी रीतसर परवानग्या असलेल्या इमारतींत घेतलेली घरेही अडचणीत आली. त्यांना घर विकता येईना आणि इमारतीचा पुनर्विकासही करता येईना.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी निकाल दिला. नोटीस नुसती राजपत्रात छापून भागत नाही, ती मालकावर बजावावी लागते आणि पन्नास वर्षे पडून राहिलेल्या नोटिशीच्या आधारे जमीन वन ठरवता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालात विक्रोळीच्या मालकीचा इतिहास सांगताना १८३५ च्या कौलाचा आणि फ्रामजींचा उल्लेख येतो.

पवईत ‘हेक्टरी एक रुपया’ हे प्रकरण काय?

पवईत १९८६ मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि जमीनमालक-विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पवई क्षेत्र विकास योजना या नावाने तो ओळखला जातो. जमीन हेक्टरी १ रुपया, म्हणजे एकरी सुमारे ४० पैसे, अशा नाममात्र दराने ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आली. त्या बदल्यात अट होती. तिथे निम्मी घरे ४० चौरस मीटरची आणि निम्मी ८० चौरस मीटरची बांधायची. त्यातील १५ टक्के घरे सरकारला १३५ रुपये चौरस फूट दराने द्यायची. ४० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. या हिशेबाने सरकारला मिळणाऱ्या एका छोट्या घराची किंमत साधारण ५८ हजार रुपये होती.

प्रत्यक्षात उभे राहिले ते देशभर गाजलेले आलिशान ‘हिरानंदानी गार्डन्स’. शेजारशेजारच्या सदनिका जोडून मोठी घरे केली गेल्याचा आक्षेप घेत जनहित याचिका दाखल झाल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करारातील अटीप्रमाणे तीन हजारांहून अधिक छोटी घरे आधी बांधा, त्यानंतरच उरलेल्या जमिनीवर अन्य बांधकाम करा, असा आदेश दिला. आदेशाच्या अंमलबजावणीवरून पुढेही अनेक वर्षे न्यायालयीन लढाई सुरू राहिली.

इथे १८३० आणि १९८६ यांतील साम्य नजरेत भरते. दोन्ही वेळा सार्वजनिक हिताचे कारण देऊन मोठी जमीन स्वस्तात एका पक्षाच्या हाती गेली. दोन्ही वेळा कागदावर अटी होत्या. आणि अटी पाळल्या जात आहेत का, हे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांचे लक्ष तिकडे गेले ते बऱ्याच उशिरा, तेही पवईच्या बाबतीत नागरिक न्यायालयात गेल्यावर.

सध्या या जमिनींवर काय सुरू आहे?

३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज समूहाच्या कौटुंबिक वाटणीची घोषणा झाली. मुंबईतील सुमारे ३,४०० एकर जमीन गोदरेज अँड बॉइसकडे, म्हणजे जमशेद गोदरेज आणि स्मिता कृष्णा यांच्या शाखेकडे राहिली. त्यातील बहुतांश जमीन विक्रोळीत आहे. वाटणीच्या बातम्यांमध्ये सर्वाधिक चर्चा झाली ती याच जमिनीची. पण त्यातील सुमारे १,७५० एकरांवर खारफुटी असल्याचे सांगितले जाते. सप्टेंबर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानुसार राज्यात खारफुटीची तोड करण्यास मनाई आहे आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम करता येत नाही. म्हणजे कागदावरील एकर आणि बांधता येणारे एकर यांत मोठा फरक आहे.

त्याआधी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीतील ३९,२५२ चौरस मीटर जमिनीच्या संपादनाचा वाद झाला. सरकारने २६४ कोटी रुपये भरपाई ठरवली. कंपनीने त्याला आव्हान दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. या भरपाईचा हिशेब मांडला तर दर चौरस मीटरला साधारण ६७ हजार रुपये, म्हणजे हेक्टरी ६७ कोटी होतो. जमिनी वेगळ्या, करार वेगळे आणि काळही वेगळा, त्यामुळे थेट तुलना योग्य नाही. तरी एकाच जुन्या मालकाच्या दोन तुकड्यांत सरकार एकदा देणारे होते तेव्हा दर हेक्टरी १ रुपया होता आणि सरकार घेणारे झाले तेव्हा तो ६७ कोटी झाला, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

शेजारच्या कांजूरमध्येही जुन्या हक्कांचा प्रश्न मेट्रो कारशेडच्या निमित्ताने समोर आला. ऑक्टोबर २०२० मध्ये एका खासगी कंपनीला गावातील सुमारे सहा हजार एकर जमिनीबाबत संमती हुकूमनामा मिळाला होता. कारशेडची प्रस्तावित जागाही त्यात होती. महत्त्वाची तथ्ये दडवून तो मिळवल्याचा आक्षेप राज्य सरकारने घेतला आणि जून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

तलाव आणि वस्त्यांचे काय?

पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. याचिकाकर्त्यांत आयआयटीचे संशोधक विद्यार्थीही होते. तलाव आणि काठाचा पाणथळ भाग यांवर सरकार किंवा पालिकेची मालकी नाही, त्यांनी तो लोकांच्या वतीने सांभाळायचा आहे, हे तत्त्व या प्रकरणात महत्त्वाचे ठरले.

जून २०२४ मध्ये याच पवईतील जयभीमनगरमधील सुमारे ६५० झोपड्या पाडण्यात आल्या. पावसाळ्यात घरे पाडू नयेत, असा सरकारचाच नियम असताना ही कारवाई झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तपासासाठी विशेष पथक नेमण्याचे आदेश दिले. या कुटुंबांनी तो पावसाळा पदपथावर काढला. ज्या परिसरात स्वस्त घरांची अट घालून जमीन दिली गेली, तिथेच स्वस्त घर नसलेल्यांची ही अवस्था झाली.

इतर व्यापारी कुटुंबांच्या बागांचे काय झाले?

शहराच्या जुन्या हद्दीतील बागबंगल्यांचे दोन प्रकारे रूपांतर झाले. काही सार्वजनिक संस्थांकडे गेले. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून कुटुंबाचा भायखळ्यातील ‘सान्स सूसी’ हा बंगला आज मसीना रुग्णालय म्हणून उभा आहे. काही जागी टॉवर आले. मलबार हिलवरील पेटिट हॉल पाडला गेला आणि त्या जागी आज इमारती आहेत. दान, न्यास किंवा संस्थेची कायदेशीर चौकट जिथे होती, तिथे निदान वास्तूचा काही भाग लोकांच्या उपयोगात राहिला. जिथे ती नव्हती, तिथे फक्त नाव उरले.

यातून पुढे काय?

पुढच्या काही वर्षांत पूर्व उपनगरांत बुलेट ट्रेन, मेट्रो आणि पुनर्विकास यांमुळे जमिनीचे मोठे व्यवहार होतील. जुने कौल, भाडेपट्टे आणि त्रिपक्षीय करार पुन्हा बाहेर निघतील. आतापर्यंतचा अनुभव असा, की मालकीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो आणि त्यासोबतची अट मात्र विस्मरणात जाते. १८३५ चा कौल २०१४ च्या निकालापर्यंत पोहोचला. १९८६ मध्ये घातलेली छोट्या घरांची अट मात्र पंचवीस वर्षांत न्यायालयाला पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

यावर उपाय फार अवघड नाही. राज्यातील सातबारा आणि मिळकत पत्रिका आता ऑनलाइन दिसतात. त्यात मालकाचे नाव आणि सत्ताप्रकार दिसतो. सवलतीत दिलेल्या प्रत्येक मोठ्या जमिनीचा मूळ करार, त्यातील अटी, त्यांची मुदत आणि त्या पाळल्या गेल्या का, याची नोंद त्याच पत्रिकेला जोडून सर्वांना पाहता आली पाहिजे. तसे झाले तर घर घेणाऱ्याला सदनिका कोणत्या अटीच्या जमिनीवर आहे ते कळेल, शेजारच्या वस्तीला आपल्यासाठी राखलेली घरे कुठे आहेत ते विचारता येईल आणि सरकारी यंत्रणेला ‘माहिती नव्हती’ असे सांगता येणार नाही.

फ्रामजींच्या उसाचे आणि तुतीचे आज नाव-निशाण नाही. जमीन देताना समाजाला काय परत मिळणार हे कागदावर लिहिण्याची पद्धत मात्र तेव्हापासून आहे. लिहिलेले वसूल करण्याची पद्धत अजून बसवायची आहे.